तान्ह्या मुलांचा श्वास आणि आमचा इतिहास

परळी-अंबाजोगाईच्या परिसरांत धर्मापुरी नांवाचें गांव आहे. तेथें एक जुना किल्ला आहे आणि केदारेश्वराचें चालुक्यकालीन देऊळ आहे. देवळाच्या भिंतींवरील शिल्पें पाहण्यासाठीं अभ्यासक दुरून येतात, आणि तीं त्या योग्यतेचीं आहेतहि. या भागाचा राजकीय इतिहास सांगणें फारसें कठीण नाहीं. चालुक्य गेले, यादव आले; पुढें निजामशाही, मोगल आणि शेवटीं हैदराबादचे निजाम यांचा अंमल येथें चालला. सप्टेंबर १९४८ मध्यें तो संपला, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. हा क्रम शाळेंतलें मूलहि पाठ म्हणूं शकेल. परंतु इतक्या शतकांत या गांवांतल्या किती घरांतून तान्हीं मुलें आपल्या पहिल्याच पावसाळ्यांत किंवा पहिल्याच हिवाळ्यांत श्वास कोंडून गेलीं, याविषयीं एक अक्षरहि कोठें कोरलेलें नाहीं. राजांनीं दानें दिलीं तीं शिळेवर आलीं. बाळंतिणीच्या खोलींत काय घडलें तें आलें नाहीं.

घरच्या बायकांनीं मात्र त्या गोष्टीची नोंद आपल्या रीतीनें ठेविली. मूल जन्मल्यावर पांचव्या किंवा सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करावयाची, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, आणि ती येऊन मुलाच्या कपाळीं काय लिहावयाचें तें लिहून जाईल असें मानावयाचें, ही रीत मराठवाड्यांतील पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. तिला भाबडेपणा म्हणून हंसणें सोपें आहे. पण जन्मानंतरचा पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा असतो, हें ज्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनीं पाहिलें त्यानेंच ती रात्र निवडली असली पाहिजे. सटवाईच्या हातीं लेखणी देण्यांत श्रद्धा आहे तशीच हताशताहि आहे. ती लेखणी तिच्या हातून थोडीशी तरी काढून घेण्याचा जो उद्योग महाराष्ट्रांत झाला, त्याचा मुलांच्या श्वासाच्या विकारांपुरता इतिहास येथें सांगावयाचा आहे.

तान्ह्या मुलाला सर्दी होते. दोन दिवसांनीं नाक चोंदतें, अंगावर पितां येत नाहीं, पोट उडूं लागतें, आणि प्रत्येक श्वासागणिक बरगड्यांखालीं खळगा पडतो. आमच्या बायका यालाच 'डबा' म्हणत आल्या. वैद्यमंडळी 'उत्फुल्लिका' म्हणतात. मूल बोलूं शकत नाहीं, तेव्हां त्याचें दुखणें ओळखावयाचें कसें, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला नव्हता असें नाहीं. कौमारभृत्याचा काश्यपसंहिता हा ग्रंथ नेपाळांत पंडित हेमराज शर्मा यांच्याकडे खंडित स्वरूपांत होता. तो १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्यांत वेदनाध्याय म्हणून एक प्रकरण आहे. मुलाच्या रडण्यावरून, हालचालींवरून आणि चर्येवरून त्याला कोठें काय होतें आहे तें वैद्यानें कसें ताडावें, हाच त्या प्रकरणाचा विषय. ज्यानें तें लिहिलें त्यानें पुष्कळ मुलांच्या उशाशीं बसून रात्री काढल्या असल्या पाहिजेत.

म्हणजे निरीक्षणांत आम्ही मागें नव्हतों. घात झाला तो उपायांत. डबा झाला कीं तापलेल्या विळ्यानें पोटावर डाग द्यावयाचे, ही चाल महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती, आणि ती सर्वस्वीं गेलेली नाहीं. २०२५ सालीं मेळघाटांत अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे डाग दिल्याचें उघडकीस आलें. बाळंतिणीच्या कोंदट खोलींत शेगडी आणि ओंव्याची धुरी असेच. ऊब हवी ही समजूत बरोबर होती, कारण तान्ह्याचें अंग गार पडणें खरोखरच वाईट. परंतु उबेबरोबर जो धूर येतो तो आधींच सुजलेल्या श्वासनळ्यांना अधिक जाचतो. आणि अशा उपायांवर शहाण्या माणसांचाहि विश्वास कां बसला असेल? उत्तर साधें आहे. सर्दीच्या बहुतेक दुखण्यांतून मूल आठ-दहा दिवसांत आपोआप बरें होतें. जो रोग दहांपैकीं नऊ वेळां स्वतःच जातो, तो कोणत्याहि उपायाला दहांपैकीं नऊ वेळां यश देतो. दहावें मूल गेलें, तर तें सटवाईनें लिहिलेलें. वैद्यकाच्या इतिहासांत या साध्या हिशेबानें जितकी फसवणूक केली आहे तितकी कोणत्याहि भोंदूनें केली नसेल.

अफूची गोष्ट अशीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी डॉ. बार्न्स या बाईंनीं १९२० नंतरच्या वर्षांत सरकारसाठीं केली, तेव्हां चाळींतल्या बहुतेक मजूर घरांत तान्ह्यांना अफूची बाळगोळी दिली जाते असें त्यांना आढळलें. आई दहा तास गिरणींत. मूल निजून राहिलें पाहिजे. अफूनें मूल निजतें, खोकला शांत होतो, आणि श्वासहि मंदावतो. ज्या मुलाच्या छातींत कफ भरला आहे त्याचा खोकला थांबविणें म्हणजे घरांत चोर शिरला असतां कुत्र्याचें तोंड बांधणें होय. त्या आयांना दोष देण्यास मन धजत नाहीं. शिवाय आमचा सुशिक्षित वर्ग यांतून मोकळा आहे असेंहि नाहीं. गोळी गेली आणि बाटली आली, इतकेंच. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या गोड औषधांपैकीं एक नेहमींचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊं नये, असा आदेश भारत सरकारच्या औषध नियंत्रकांना डिसेंबर १९२३ मध्यें नव्हे, तर शंभर वर्षांनीं, २०२३ मध्यें काढावा लागला. त्यानंतर दोनच वर्षांनीं मध्य प्रदेशांतील छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या अशाच एका औषधानें वीसांहून अधिक मुलें दगावलीं. त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. मूळ दुखणें होतें साधी सर्दी आणि ताप.

मुंबईचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील आंकड्यांपाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण मुलांच्या मृत्यूचा हिशेब महाराष्ट्रांत प्रथम तेथेंच नीट लिहिला गेला. १९२१ सालीं मुंबई शहरांत हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत मेलीं, असें नगरपालिकेच्या नोंदीवरून निघालें. हा आंकडा जसाच्या तसा घेऊं नये. पुष्कळ मजूर स्त्रिया बाळंतपणाला कोंकणांत किंवा देशावर आपल्या गांवीं जात. जन्म तेथें नोंदला जाई, मूल मुंबईस येई आणि मृत्यु मुंबईच्या खात्यावर पडे. तरी ही वजावट करूनहि जें उरतें तें भयंकर आहे. एका खोलींत दहा माणसें, खिडकी नाहीं, चूल आंतच. अशा ठिकाणीं एकाच्या नाकांतली सर्दी सर्वांत लहान जिवापर्यंत जाण्यास एक रात्र पुरे.

त्याआधीं तीनच वर्षें इन्फ्लुएंझाची मोठी सांथ येऊन गेली होती. १० जून १९१८ रोजीं मुंबईंत पोलीस शिपायांचे कांहीं तापकरी रुग्णालयांत दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं. ती सांथ विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर, आणि त्यांतहि स्त्रियांवर, तुटून पडली. याचा अर्थ तान्हीं मुलें सुटलीं असा नव्हे. आई गेली म्हणजे दूध गेलें. आणि दूध गेलें म्हणजे पुढच्या महिन्यांत मूल कोणत्या रोगानें गेलें हें विचारण्यांत फारसा अर्थ उरत नव्हता. बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें मुंबई इलाख्याच्या वार्षिक अहवालांत त्याचा समावेश नाहीं. धर्मापुरीचें दुःख कमी होतें असें नव्हे; तें मोजणारें कोणी नव्हतें.

रोगाचें कारण तर कोणासच ठाऊक नव्हतें. इन्फ्लुएंझाचा दोष त्या काळचे डॉक्टर फायफर यांनीं शोधलेल्या एका जंतूला देत. खरा विषाणु १९३३ सालीं इंग्लंडांत स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनीं वेगळा काढला. तान्ह्यांच्या श्वासाचा जो मुख्य वैरी, तो सांपडण्यास आणखी वीस वर्षें लागलीं, आणि तीहि माणसांत नव्हे तर माकडांत. अमेरिकेंतील वॉल्टर रीड संस्थेंत ठेविलेल्या चिंपांझींना सर्दी झाली; तिचें कारण म्हणून एक नवा विषाणु मिळाला व त्याची माहिती १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरच्या आजारी मुलांत तोच विषाणु आढळला. माकडांची सर्दी वस्तुतः माणसांचीच होती. प्रयोगशाळेंत हा विषाणु शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींत विरघळवून त्यांचा एक मोठा गोळा करतो, म्हणून त्याला रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, संक्षेपानें आर. एस. व्ही., हें नांव पडलें. मोठ्या माणसाला यानें बहुधा नुसती सर्दी होते. परंतु दोन-तीन महिन्यांच्या मुलाच्या श्वासनळ्या इतक्या बारीक असतात कीं थोडी सूज आणि थोडा कफ एवढ्यानेंच त्या बंद होतात. दोन वर्षांचें होईपर्यंत बहुतेक प्रत्येक मुलाला तो एकदां तरी गांठतो.

विषाणु सांपडला कीं लस झालीच, अशी त्या दशकांतली उमेद होती, कारण पोलिओच्या बाबतींत तसें घडलें होतें. अमेरिकेंत फॉर्मॅलिननें मारलेल्या विषाणूची लस करून १९६६ च्या सुमारास तान्ह्यांना टोंचली गेली. परिणाम उलटा झाला. लस घेतलेल्या मुलांना पुढें खरा विषाणु भेटला तेव्हां त्यांचें दुखणें न घेतलेल्यांपेक्षां अधिक तीव्र झालें, पुष्कळांना रुग्णालयांत न्यावें लागलें, आणि दोन मुलें मेलीं. विज्ञानाच्या इतिहासांत हें प्रकरण झांकून ठेविलें गेलें नाहीं, हें विज्ञानाला भूषणावह आहे. परंतु त्या भीतीनें हा मार्ग कित्येक दशकें जवळजवळ बंद पडला.

अशा स्थितींत, रोगाचें नांव कळूनहि औषध नाहीं आणि लस नाहीं, तेव्हां करावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर मोठ्या प्रयोगशाळांतून आलें नाहीं. तें आलें जेथें क्ष-किरणांचें यंत्र नव्हतें, डॉक्टर नव्हता, रस्ताहि नव्हता अशा ठिकाणांहून. न्यू गिनीच्या डोंगराळ मुलुखांत गोरोका येथें काम करणाऱ्या फ्रँक शॅन यांनीं १९८४ सालीं असें मांडलें कीं खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नासांहून अधिक असेल तर त्याला औषध द्यावें, आणि छाती आंत ओढली जात असेल तर रुग्णालयांत धाडावें. नळी लावून छाती ऐकण्याचें कारण नाहीं. १९८८ सालीं वेल्लोरच्या डॉक्टरांनीं आपल्याकडील मुलांवर ही कसोटी पारखून पाहिली आणि ती भारतांतहि खरी उतरते असें दाखविलें. त्या गटांत एरिक सिमोइश नांवाचे डॉक्टर होते. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. तें पुढें आणखी एकदां येणार आहे.

आतां पाहा, ही कसोटी म्हणजे आमच्या आजीबाईंनीं पाहिलेलें पोट उडणें आणि बरगड्यांखालचा खळगाच. फरक एवढाच कीं त्याला संख्या मिळाली. पण संख्या म्हटली कीं मोजणारा हवा, आणि मोजावयाचें घड्याळ हवें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ च्या अखेरीस 'सर्च' ही संस्था काढली. तेथें मुलांच्या मृत्यूचें सर्वांत मोठें कारण न्यूमोनिया आहे असें दिसून आल्यावर त्यांनीं १९८८ पासून जो प्रयोग केला, तो आमच्या मतें महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांत एकाद्या मोठ्या लढाईइतक्या विस्तारानें सांगितला गेला पाहिजे.

प्रयोगासाठीं ५८ गांवें घेतलीं. तुलनेसाठीं ४४ गांवें वेगळीं ठेविलीं. पहिल्या गांवांतून आयांना या रोगाची ओळख करून दिली, आणि आरोग्यसेवक, गांवचे स्वयंसेवक व सुइणी यांना श्वास मोजून गोळी किंवा पातळ औषध देण्यास शिकविलें. अडचण सुइणींची होती. सुईण मुलाजवळ पहिल्या घटकेपासून असते, घरची तिच्यावर श्रद्धा असते, तिला रात्रीं केव्हांहि हांक मारतां येते. परंतु ती निरक्षर, दहापर्यंत मोजील, साठापर्यंत मोजणार नाहीं. तेव्हां तिच्यासाठीं एक साधन केलें. मिनिटभर चालणारें वाळूचें घड्याळ आणि त्याच्या जोडीला तारेंत ओंवलेले मणी. दोन महिन्यांच्या आंतल्या मुलासाठीं मण्यांची एक ओळ, त्याहून मोठ्यासाठीं दुसरी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मणी सरकवावा लागला तर मुलाला डबा झाला आहे असें समजावयाचें. जपमाळ हातीं धरण्याची ज्या हातांना संवय, त्यांना हें शिकण्यास किती वेळ लागणार?

फळ काय मिळालें तें 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत १९९० सालीं प्रसिद्ध झालें. ६१२ रुग्ण मुलांवर या लोकांनीं उपचार केले. त्यांत शेंकडा एकाहूनहि कमी, म्हणजे ०·८ टक्के, दगावलीं. तुलनेच्या गांवांत हेंच प्रमाण १३·५ टक्के होतें. पांच वर्षांखालील हजार मुलांमागें न्यूमोनियानें होणारे मृत्यु एकीकडे ८·१ आणि दुसरीकडे १७·५ असे पडले. औषधाचा खर्च वांचलेल्या एका मुलामागें तीन डॉलरांहूनहि कमी होता. आंकडे रुक्ष असतात असें आम्ही इतिहासाचे शिक्षक विद्यार्थ्यांना उगाच सांगतों. या आंकड्यांचा अर्थ असा कीं धानोऱ्याच्या किंवा चातगांवच्या रानांत एक अक्षरशत्रु बाई वाळूकडे आणि मुलाच्या पोटाकडे आळीपाळीनें पाहत बसली, आणि सटवाईचा लेख फिरला.

येथें चिकित्सक वाचक एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. सुइणींनीं दिलेलें औषध जंतुनाशक होतें. विषाणूवर त्याचा काडीइतकाहि परिणाम होत नाहीं. मग मुलें वांचलीं कशीं? एक तर त्या काळीं व त्या स्थितींत न्यूमोनियाचीं बरींच दुखणीं जंतूंमुळेंच होत असत. दुसरें, विषाणूनें खरवडलेल्या श्वासमार्गांत जंतु सहज शिरतात. पहिल्यानें दार फोडावें आणि दुसऱ्यानें घर लुटावें तसा हा प्रकार आहे. श्वासाची संख्या या दोघांत भेद करूं शकत नाहीं, हें तिचें वैगुण्य. परंतु तिच्यामुळें घरांतलें माणूस वेळेवर सावध होतें, हा तिचा गुण. पुढें जंतूंविरुद्धच्या लसी आल्या. न्यूमोकॉकसची लस भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें येऊन २०२१ मध्यें देशभर पोहोंचली. तसतसा उरलेल्या दुखण्यांत विषाणूंचा वांटा वाढत गेला. आफ्रिका आणि आशियांतील सात देशांत रुग्णालयांत आलेल्या मुलांचा जो मोठा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत तीव्र न्यूमोनियाच्या सुमारें एकतृतीयांश रुग्णांचें कारण एकटा आर. एस. व्ही. निघाला. त्याच वर्षीं जगांत या विषाणूनें पांच वर्षांखालील सुमारें एक लाख मुलें गेलीं, त्यांतलीं जवळजवळ निम्मीं सहा महिन्यांच्या आंतलीं, आणि हे बहुतेक सर्व मृत्यु गरीब व मध्यम देशांतले, असा अंदाज आहे.

रुग्णालयांत आलेल्यांचा हिशेब लागला, पण जीं मुलें घरींच गेलीं त्यांचा? हा प्रश्न घेऊन वर सांगितलेले सिमोइश महाराष्ट्रांत आले. मेळघाटांत डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेबरोबर आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या मदतीनें त्यांनीं ९३ गांवांतल्या दोन वर्षांखालील मुलांवर कित्येक वर्षें लक्ष ठेविलें, आणि आर. एस. व्ही. नें होणारे मृत्यु रुग्णालयाच्या भिंतींबाहेरहि मोजले. हा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. न्यू गिनीपासून वेल्लोर, वेल्लोरपासून गडचिरोली, तेथून मेळघाट. या प्रवासांत एकहि राजधानी लागत नाहीं.

शासनाच्या दरबारीं या गोष्टी पोहोंचण्यास वेळ लागला, तरी पोहोंचल्या. गडचिरोलीच्याच ३९ गांवांत 'आरोग्यदूत' स्त्रियांनीं घरोघरीं जाऊन नवजात मुलांची काळजी घेतल्यामुळें नवजातांचे मृत्यु तिसऱ्या वर्षापर्यंत शेंकडा ६२ नें घटले, हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. त्या धर्तीवर २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्तींनीं बाळंतिणीच्या घरीं पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जावें असें ठरलें. सटवाईची रात्र तिसऱ्या आणि सातव्या दिवसांच्या बरोबर मध्यें येते. २०१८ मध्यें तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींची त्यांत भर पडली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरांत न्यूमोनियासाठीं 'सांस' नांवाची मोहीम सुरू झाली.

आई-बापांनीं जाणावयाचें तें फार नाहीं. दोन महिन्यांच्या आंतलें मूल शांत असतां मिनिटाला साठ किंवा अधिक, त्यापुढें वर्षाचें होईपर्यंत पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल. छाती आंत ओढली जात असेल. तें अंगावर पीत नसेल, गळून पडलें असेल, ओंठ निळे दिसत असतील. तर रात्र आहे कीं दिवस आहे हें न पाहतां त्याला डॉक्टरकडे नेलें पाहिजे. एरवीं अंगावरचें दूध थोडें थोडें पण वारंवार पाजावें, मिठाच्या पाण्याच्या थेंबांनीं नाक मोकळें करावें, खोलींत धूर होऊं देऊं नये, मध चाटवूं नये, आणि सर्दी झालेल्या कौतुकी पाहुण्यानें मुलाचा मुका घेऊं नये. हें शेवटचें मध्यमवर्गीय घरांत सर्वांत अवघड. मामा-मावशींना दारांतून परतवावें कसें! पण धाकट्याच्या सर्दीचा उगम बहुधा शाळेंत जाणाऱ्या थोरल्या भावंडाच्या नाकांत असतो, हें निदान घरच्यांना ठाऊक असलेलें बरें.

लसीचा थांबलेला मार्गहि आतां मोकळा झाला आहे. १९६६ ची लस कां फसली याचें एक मोठें कारण २०१३ सालीं स्पष्ट झालें. विषाणूच्या अंगावरचें एक प्रथिन पेशींत शिरण्यापूर्वीं एका आकाराचें असतें आणि नंतर दुसऱ्या. जुन्या लसीनें शरीराला ओळख करून दिली ती बव्हंशीं दुसऱ्या, निरुपयोगी आकाराची. पहिला आकार हातीं लागल्यावर दोन साधनें निघालीं. एक, मुलाला जन्मल्यावर टोंचावयाचें तयार प्रतिपिंडांचें औषध; त्याला युरोपांत २०२२ सालीं मान्यता मिळाली. दुसरें, गर्भवतीला द्यावयाची लस. ती अमेरिकेंत २०२३ सालीं मान्य झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ मध्यें ती आपल्या पारखलेल्या लसींच्या यादींत घेतली. आईच्या रक्तांत तयार झालेलें संरक्षण नाळेवाटे मुलाला मिळतें आणि त्याच्या पहिल्या अवघड महिन्यांत पुरतें. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणांत, हें लिहीत असतांना, दोहोंपैकीं एकहि नाहीं.

तीं आलींच, तर बीड जिल्ह्यांत त्यांचें काय होईल? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे; धर्मापुरीहून आजारी मूल तेथें नेणें आज अशक्य नाहीं. गांवांत आशा आहे, अंगणवाडी आहे. पण दसरा झाला कीं या जिल्ह्यांतल्या गांवोगांवचीं घरें बंद होऊं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली हजारों जोडपीं ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथें माणसें म्हणत नाहींत, 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसें. तान्हें मूल अर्थातच बरोबर असतें, पण तें हिशेबांत नसतें. राहावयाला उसाच्या पाचटाची कोपी, तिच्या तोंडाशींच चूल, थंडीच्या दिवसांत पहांटे आई फडांत आणि मूल बांधावर, थोरल्या बहिणीच्या ओटींत. आणि ती बहीणहि सहा-सात वर्षांची. मुंबईच्या चाळींत शंभर वर्षांपूर्वीं जें होतें त्यांतली गर्दी तेवढी कमी, बाकी धूर, थंडी आणि दिवसभर दूर असलेली आई, सर्व तेंच.

आशेची वही गांवांत राहते. कार्तिकांत फडावर जन्मलेल्या मुलाच्या बेचाळीस दिवसांतल्या सात भेटी कोणी द्यावयाच्या, हें त्या वहींत लिहिलेलें नाहीं. फड ज्या गांवच्या शिवारांत आहे तेथील आशेच्या यादींत हें कुटुंब नाहीं, आणि धर्मापुरीच्या आशेच्या यादींत तें असूनहि समोर नाहीं. गर्भवतीला द्यावयाची जी नवी लस, ती शेवटच्या तीन महिन्यांत टोंचावयाची असते. जी स्त्री आश्विनांत पांचव्या महिन्याचें पोट घेऊन गाडींत चढते, तिचे ते तीन महिने मार्गशीर्षापासून सुरू होतात, आणि पौषांत ती कारखान्याच्या गाळपाच्या ऐन हंगामांत डोक्यावर मोळी घेऊन उभी असते.